पाळणा लांबवण्याच्या साधनांत रिंगचेही नाव घ्या : सांगली जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आरोग्य विभागातील सर्व सहकारी,
जिल्हा परिषद, सांगली.

विषय : योनिमार्गात ठेवायच्या गर्भनिरोधक रिंगची माहिती कुटुंब नियोजनाच्या समुपदेशनात देण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

मी विट्यात औषधांचे दुकान चालवते. शिक्षणाने फार्मासिस्ट आहे आणि काउंटरवर दिवसातला बहुतेक वेळ मीच उभी असते. त्यामुळे खानापूर, कडेगाव आणि आटपाडी तालुक्यांतल्या बायका गर्भनिरोधनाबद्दल काय विचारतात, काय विचारायचे टाळतात आणि शेवटी काय घेऊन जातात, हे मला रोज जवळून दिसते. त्या अनुभवावरून आपल्याकडे एक मागणी करत आहे. आपली उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये येथे कुटुंब नियोजनाबद्दल जे सांगितले जाते, त्यात योनिमार्गात ठेवायच्या हार्मोनयुक्त रिंगची खरी आणि पुरेशी माहिती, न लाजता, दिली जावी. आणि ही रिंग सरकारी साधनांमध्ये यावी यासाठी आपल्या जिल्ह्याने राज्याकडे लेखी शिफारस करावी.

हे पत्र आशाताईंनी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांनीही वाचावे अशी माझी इच्छा असल्यामुळे रिंग म्हणजे काय ते आधी सांगते. ती लवचीक प्लास्टिकची, पारदर्शक कडी असते. बाहेरून मोजली तर ५४ मिलिमीटर आणि जाडीला ४ मिलिमीटर, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलीच्या हातातल्या बांगडीएवढी. तिच्यात एटोनोजेस्ट्रेल ११.७ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायॉल २.७ मिलिग्रॅम ही दोन हार्मोन्स भरलेली असतात आणि त्यांतली रोज सरासरी १२० व १५ मायक्रोग्रॅम एवढीच मात्रा योनीच्या अस्तरातून रक्तात उतरते. आपल्या उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या गोळीतही याच दोन गटांतली औषधे असतात, आणि रिंगचे कामही गोळीसारखेच चालते : स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि शुक्राणूंना पुढे जाता येत नाही. फरक आहे तो वापरण्याच्या पद्धतीत. बाई ती स्वतःच्या हाताने बसवते, तीन आठवडे आत ठेवते, ज्या वारी बसवली त्याच वारी काढते, एक आठवडा मोकळा सोडते, त्या आठवड्यात पाळी येते, आणि सात दिवस पूर्ण झाले की अंगावरून जाणे थांबलेले नसले तरी नवी रिंग बसवते. रोज आठवण ठेवावी लागत नाही, सुई टोचून घ्यावी लागत नाही, आणि बसवायला किंवा काढायला कोणाकडे जावे लागत नाही. औषध पोटातून जात नसल्यामुळे उलटी किंवा जुलाब झाले तरी मात्रा चुकत नाही. नेदरलँड्स आणि अमेरिकेत तिला २००१ मध्ये मान्यता मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आज दोन प्रकारच्या गर्भनिरोधक रिंगांचा समावेश आहे.

मी स्वतः ही रिंग वापरली आहे. तालुक्याच्या गावात राहून हे जाहीरपणे लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिते, कारण माझ्या दुकानात येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न ‘तुम्ही वापरलीय का?’ हाच असतो आणि त्याचे उत्तर तिला मिळायला हवे. पुण्याच्या एका डॉक्टरांनी रक्तदाब मोजून, डोकेदुखीबद्दल आणि घराण्यातल्या आजारांबद्दल नीट विचारून मला चिठ्ठी दिली. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांसह इन्सुलिन जसे येते, तशीच रिंग आली. हात साबणाने धुऊन, न्हाणीघरात एक पाय पाटावर ठेवून, अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून ती चपटी केली आणि आत सरकवली. पहिल्यांदा ती पुरेशी वर गेली नव्हती आणि चालताना खुपत होती. बोटाने थोडी आणखी ढकलल्यावर ती आत आहे हे जाणवेनासे झाले. ती आतल्या एखाद्या नेमक्या जागी बसायला हवी असेही नाही, कारण कुठेही असली तरी औषध अस्तरातून उतरतच असते. काढताना तर्जनी कडीत अडकवून हळू ओढायची, एवढेच. सुरुवातीच्या महिन्यात छाती थोडी दुखली आणि पांढरे जाण्याचे प्रमाण वाढले. पुढे ते कमी झाले. काही बायकांना मळमळते, डोके दुखते, मध्येच डाग पडतात, काहींना ती मानवतच नाही. हेही त्यांना आधी सांगितलेले असले पाहिजे.

आता आपल्या तालुक्यांकडे येते. विटा, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातली किती घरे गलाईच्या धंद्यावर उभी आहेत हे आपल्याला माहीत आहे. सोने-चांदी गाळण्यासाठी आपले पुरुष केरळ-तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरलेले आहेत. काहींचे बिऱ्हाड सोबत असते. पण कितीतरी सुना गावी सासू-सासरे, मुले आणि शेती सांभाळत राहतात आणि नवरा दिवाळीला, गावच्या यात्रेला, एखाद्या लग्नाला चार-आठ दिवस येऊन जातो. दिवाळीच्या आठवड्यात माझ्या काउंटरसमोर गर्दीचा जोर ओसरेपर्यंत एखादी पंचविशीतली मुलगी बाजूला उभी राहते. सगळे गेले की मोबाइल पुढे करते. पडद्यावर बहात्तर तासांच्या आत घ्यायच्या गोळीचा फोटो असतो. तोंडाने एक शब्द बोलत नाही. पैसे मुठीत घडी घालून तयार असतात, आणि पाकीट कागदात गुंडाळून द्या हे ती डोळ्यांनीच सांगते. त्यांतल्या एकीशी मला थोडे बोलता आले. माला-एन का घेत नाहीस, असे विचारले, तर म्हणाली, पाकीट सासूबाईंच्या हाती लागले होते आणि त्या म्हणाल्या, “मालक तिकडं परमुलखात, मग हिला कशाला लागत्यात गोळ्या?” त्यानंतर तिने गोळ्या घरात आणल्याच नाहीत.

तातडीची ही गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम. अडचणीच्या वेळी ती उपयोगी आहे, लवकर घेतली तर अधिक उपयोगी आहे, आणि ती मागणाऱ्या बाईला मी कधीही परत पाठवत नाही. परंतु त्याच महिन्यात दुसऱ्यांदा तीच गोळी घ्यायला आलेली बाई पाहिली की मला वाईट वाटते, कारण नियमित वापरासाठी ही गोळी नाही. नियमित साधनांच्या मानाने ती कमी भरवशाची आहे आणि पाळीचे वेळापत्रक विस्कटते ते वेगळेच. या मुलीला कोणी आधी सांगितले असते की, नवरा येण्याच्या आधीची पाळी सुरू झाली की पहिल्याच दिवशी रिंग बसवायची, त्या दिवसापासून संरक्षण मिळते, आणि पाळीच्या इतर दिवशी बसवली तर पहिले सात दिवस निरोधही वापरायचा, तर तिचे चार-आठ दिवस धास्तीत गेले नसते. रिंग हे नवऱ्यापासून लपवण्याचे साधन आहे असे मात्र मी सुचवत नाही. संबंधाच्या वेळी काही पुरुषांना ती जाणवते. नकोशी वाटली तर काढून ठेवता येते, थंड किंवा कोमट पाण्याने धुऊन तीन तासांच्या आत परत बसवावी लागते. त्याहून जास्त वेळ बाहेर राहिली तर संरक्षण कमी होते. पाणी कढत असता कामा नये. या गोष्टी नवरा-बायको दोघांनाही ठाऊक असणे चांगले.

विट्याच्या यंत्रमागांवर बायका कांड्या भरतात आणि घरातल्या पुरुषांची कामाची पाळी आठवड्याला दिवसाची-रात्रीची अशी बदलत राहते. अशा घरात रोज ठरल्या वेळी गोळी घेणे जमत नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेच्या हंगामात पहाटे डबा बांधून निघणाऱ्या बाईचीही तीच अडचण आहे. त्यांना रिंग सोयीची वाटेल असे मला वाटते. जतहून ऊसतोडीला जाणाऱ्या, कोपीत राहणाऱ्या, हात धुवायला पुरेसे पाणी आणि आडोसा नसलेल्या बाईच्या बाबतीत मी असे म्हणणार नाही. तिला तीन महिन्यांची सुई किंवा तांबी अधिक योग्य ठरेल. हा भेद बाईसमोर बसून, तिचे राहणीमान विचारूनच करता येतो, आणि समुपदेशन याचसाठी असते.

आज मात्र समुपदेशन बहुतेक वेळा एकाच गोष्टीकडे झुकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदीची शस्त्रक्रिया केलेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच जास्त, निम्म्याच्या जवळपास आहे. आपल्याकडे एक दोन मुले झाली की पंचविशीच्या आसपासच ‘ऑपरेशन’ उरकले जाते, आणि लग्नापासून त्या ऑपरेशनपर्यंतच्या काळात पाळणा लांबवण्याचे कोणतेही साधन त्या बाईच्या हाती आलेलेच नसते. ऑपरेशन ज्यांना हवे आहे त्यांना ते चांगल्या, सुरक्षित पद्धतीने मिळावे याबद्दल माझे दुमत नाही. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शस्त्रक्रिया शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आणि संमती खऱ्या अर्थाने घेण्याचा निर्देश दिला होता, तो आपल्याला ठाऊकच आहे. संमती खरी ठरण्यासाठी बाईला बाकीची साधने माहीत असावी लागतात. जिला दोनच नावे सांगितली, तिने दोनांतून एक निवडले, याला निवड म्हणणे मला पटत नाही.

सरकारी साधने वाढली आहेत, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. २०१७ पासून अंतरा ही तीन महिन्यांची सुई आली, छाया ही आठवड्याची गोळी आली, आणि २०२३ पासून काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत दंडाच्या कातडीखाली बसवायची कांडीही दिली जाऊ लागली. या प्रत्येकाचा उपयोग आहे आणि प्रत्येकाची अडचणही आहे. अंतराने पाळी अनियमित होते किंवा बंद होते, तेव्हा पोटुशी राहिले की काय या भीतीने बायका तपासणीची पट्टी घ्यायला माझ्याकडे येतात. शिवाय सुई थांबवल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, यात बायकांचा गोंधळ होतो. तांबी भरवशाची आहे, पण ती बसवायला आणि काढायला कोणाकडे तरी जावे लागते, आणि ‘काढून द्या’ म्हटल्यावर ‘अजून थोडे दिवस बघा’ असे ऐकलेल्या बायका मला भेटतात. रिंग नको वाटली तर ती बाई त्याच दिवशी, स्वतःच्या न्हाणीघरात काढू शकते, आणि मूल हवे असेल तर त्यानंतर स्त्रीबीज तयार होणे लवकर सुरू होते. माझ्या लेखी हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

भरवशाच्या बाबतीत रिंग गोळीच्याच बरोबरीची आहे, त्याहून सरस नाही. अगदी नियमाप्रमाणे वापरली तर शंभर स्त्रियांमागे वर्षाला एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात. पण प्रत्यक्षात माणसे विसरतात, उशीर करतात, आणि तेव्हा हा आकडा सातच्या घरात जातो. तांबी यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. रिंगने एचआयव्ही आणि इतर लिंगसांसर्गिक आजार टळत नाहीत, त्यासाठी निरोधच हवा, आणि नवरा वर्षातला मोठा काळ बाहेर असणाऱ्या घरांत हे स्पष्ट सांगण्याची गरज अधिक आहे. सांगलीला हा मोकळेपणा नवा नाही. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून याच जिल्ह्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर निरोधाबद्दल उघड बोलण्याचे काम उभे केले, आणि ज्या स्त्रियांना समाज बोलू देत नव्हता त्यांनी ते पुढे नेले.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती लिहिते. रिंग सर्वांसाठी नाही. तिच्यातले इथिनिल इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन गटातले हार्मोन आहे आणि त्यामुळे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हार्मोन न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांत वर्षाला साधारण दोघींना असा त्रास होतो, रिंग वापरणाऱ्यांत सहा ते बारा जणींना. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका याहून पुष्कळ जास्त असतो, हे खरे. तरी ज्या बाईच्या बाबतीत तो टाळता येण्यासारखा आहे तिच्यावर तो लादता कामा नये. रिंगमधून रोज उतरणारे इस्ट्रोजेन माला-एनच्या गोळीतल्या ३० मायक्रोग्रॅमच्या निम्मे आहे, यावरून ती निर्धोक आहे असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे, हृदयविकार किंवा पक्षाघात झाला आहे, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार आहे, ज्यांचा रक्तदाब चढा आहे, ज्यांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकते किंवा अंधारी येते अशी अर्धशिशी आहे, ज्यांच्या मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड किंवा रक्तवाहिन्या बिघडवल्या आहेत, आणि पस्तिशी ओलांडून ज्या धूम्रपान करतात, त्यांना ती देऊ नये. आपल्याकडे बायका बिडी ओढत नाहीत असे गृहीत धरून हा प्रश्न गाळला जातो. तो विचारावा, आणि मिश्री लावणाऱ्या व तंबाखू खाणाऱ्या बायकांचा रक्तदाब तर न चुकता मोजावा. पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, धाप लागली, अचानक असह्य डोके दुखले किंवा दिसेनासे झाले, तर रिंग काढून थेट दवाखाना गाठायचा, हे वाक्य प्रत्येकीला पाठ झाले पाहिजे.

यात एक बाब अशी आहे जी आपला विभाग इतर कोणापेक्षाही चांगली सांभाळू शकतो. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि आकडीच्या आजारावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे सुरू असताना गोळी आणि रिंग या दोन्हींचा परिणाम कमी होतो. टीबीची औषधे घेणारी तरुण बाई आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदीत असते. तिच्या हाती माला-एनचे पाकीट देणारी सेविकाही त्याच केंद्रातली असते. या दोन नोंदी एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. उपचार चालू असताना दिवस गेले म्हणून घाबरून चिठ्ठी घेऊन आलेली बाई मी पाहिली आहे. गोळ्या एकही न चुकवता घेतल्या होत्या, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

बाळंतिणीचा विचार स्वतंत्र करावा लागेल. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा आठवडे ही इस्ट्रोजेनची रिंग मुळीच देऊ नये आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत सहसा टाळावी. पण तिच्यासाठी वेगळी रिंग तयार झालेली आहे. तिच्यात इस्ट्रोजेन नाही. शरीरात नैसर्गिकपणे असणारे प्रोजेस्टेरॉन रोज सुमारे १० मिलिग्रॅम या मात्रेने सुटते, एक रिंग तीन महिने चालते, बाळंतपणानंतर चार आठवड्यांनी सुरू करता येते, आणि दिवसातून किमान चार वेळा अंगावर पाजणाऱ्या बाईला ती एकामागून एक वर्षभर वापरता येते. दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत ती वापरात आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या देशातही तांबीशी तुलना करून तिची चाचणी घेतली आहे, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्याकडची पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की ओटी भरून तिला सासरी पाठवतात आणि सोबत डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, झबली, सगळे बांधून देतात. पण पुढचे मूल कधी हवे, याबद्दल तिच्याशी कोणी बोललेले नसते. पाजत असताना दिवस जात नाहीत या भरवशावर ती जाते, आणि पाळी परत येण्याआधीच पुन्हा दिवस गेल्याचे अनेकींना कळते. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा असे आपली भित्तिपत्रके सांगतात. ते अंतर ठेवायचे साधन माहेरच्या उपकेंद्रातून तिच्या हाती पडले, तरच त्या भित्तिपत्रकाला अर्थ येईल.

साठवणुकीची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल मी दुकानदार म्हणून बोलू शकते. महिन्याची रिंग दुकानात २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि ग्राहकाला दिल्यानंतर चार महिन्यांत वापरावी लागते. लसींसाठीच्या खास फ्रिजमध्ये (आयएलआर) इतर औषधे ठेवायची नसतात. परंतु जिथे बाळंतपणे होतात तिथे बाळंतपणात द्यायच्या ऑक्सिटोसिन या औषधासाठी साधा फ्रिज लागतोच, आणि रिंगला त्याहून जास्त काही लागत नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती घरी पत्र्याखालच्या फडताळात ठेवून चालणार नाही, हे मात्र सांगावे लागेल. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेली दुसरी रिंग वर्षभर, तेरा पाळ्यांपर्यंत चालते. ती दर तीन आठवड्यांनी काढून, धुऊन, सात दिवसांनी पुन्हा बसवायची असते आणि तिला फ्रिज लागत नाही. शिफारस करताना या रिंगचाही विचार व्हावा असे मी आग्रहाने म्हणेन. आणखी एक गोष्ट : तीन आठवडे वापरून काढलेल्या रिंगमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त एटोनोजेस्ट्रेल शिल्लक असते. ती संडासात, ओढ्यात किंवा उकिरड्यावर जाऊ नये, तिच्याच पाकिटात बंद करून परत गोळा व्हावी. सरकारने रिंग दिली तर वापरलेली रिंग आशाताईंकडे परत देऊन नवी घ्यायची, अशी पद्धत सुरुवातीपासूनच घालता येईल. खासगीत ती दर महिन्याला विकत घेणे साध्या घरातल्या बाईला झेपणारे नाही, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहावे लागत आहे.

‘आमच्या बायका असे काही आत घालणार नाहीत’ हा आक्षेप मी डॉक्टरांकडून ऐकला आहे, सेविकांकडूनही ऐकला आहे. माझा अनुभव असा की बायका विचारतात ते याहून फार व्यवहारी असते. ती वर पोटात जाऊन हरवेल का? नाही, वर गर्भाशयाचे तोंड असते आणि त्यातून एवढी कडी जाऊच शकत नाही. पाळीत काढायची का, उपवास-पूजेला चालते का, शौचाला जोर केल्यावर खाली येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘क्वचित येते’ असे आहे. मलावरोध असलेल्या बाईने संडासानंतर बोटाने चाचपून पाहावे, आणि ज्यांचे अंग बाहेर येते अशांना ती टिकणार नाही, त्यांना दुसरे साधन द्यावे. कॉलेजच्या मुली आज पाळीचे कप माझ्याकडून मागवतात आणि ते कसे बसवायचे हे एकमेकींना शिकवतात. पाच वर्षांपूर्वी विट्यात हेही होणार नाही असेच सगळे म्हणाले असते. लग्न न झालेली मुलगी गर्भनिरोधनाबद्दल विचारायला आली तर तिला उपदेश न करता हीच माहिती मिळावी, एवढेही मी येथे मागते.

यातले बरेचसे काम पैशांशिवाय सुरू होऊ शकते. आशाताईंच्या महिन्याच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्यावा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी होते तेव्हाच बाळंतपणानंतरच्या साधनांबद्दल बोलणे सुरू करावे. आणि गोळी, सुई किंवा पुढे रिंग, यांपैकी काहीही देण्यापूर्वी रक्तदाब मोजणे व वर लिहिलेले प्रश्न विचारणे हे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सक्तीचे करावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागाने डॉक्टरांना आणि सेविकांना प्रशिक्षण द्यावे, अशी विनंती आपण करू शकता. राज्याच्या कुटुंब कल्याण कार्यालयाकडे, पुण्याला, पाठवायच्या शिफारशीत बाळंतिणींची रिंग आणि वर्षभराची रिंग या दोन्हींची नावे असावीत, आणि प्रायोगिक वापरासाठी खानापूर व आटपाडी हे तालुके सुचवावेत. गलाईवाल्यांच्या सुनांना खरोखर कशाची गरज आहे हे तिथे लवकर कळेल.

मी दुकानात दाखवण्यासाठी औषध नसलेली, नमुन्याची एक रिंग डबीत ठेवली आहे. बायका ती हातात घेतात, दोन बोटांत दाबून बघतात, सोडतात, परत दाबतात, आणि मग त्यांचे खरे प्रश्न सुरू होतात. विटा किंवा आटपाडीच्या बैठकीत ती घेऊन यायची आणि सेविकांच्या शंकांना उत्तरे द्यायची माझी तयारी आहे. त्यासाठी मानधन नको. या पत्राची प्रत आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात दिली आहे. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
विट्यातील एक औषधविक्रेती